इंद्रभानची जीप आणि नांदखेड्याचा नाला

बोरगव्हाणच्या पंचायत समितीत जीप एकच होती. ती चालवणारा इंद्रभान काळासावळा, उंचापुरा, आणि हसला की सगळे दात दाखवणारा. गाडीत बसलेल्या साहेबाला झोप लागू द्यायची नाही, असा त्याने नियमच केला होता. कोणाच्या घरी बारसं, कोणत्या गावची वांगी चांगली, कोणाच्या बदलीची बोलवा आहे, सगळं तो सांगायचा. आणि साहेबलोक आपसांत बोलायला लागले की गप्प बसून ऐकायचा. ड्रायव्हरला कान असतात हे साहेबांच्या लक्षात राहत नाही. त्यामुळे तालुक्यात कोणता साहेब कोणावर रुसला आहे, हे इंद्रभानला त्या साहेबाच्या बायकोआधी कळायचं.

त्याचं गाव नांदखेडा बोरगव्हाणच्या खालच्या अंगाला, रिसोडच्या वाटेवर. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि पोराला शाळेत घातलं. शाळा सातवीपाशी अडली तेव्हा त्यांनी त्याला एका ठेकेदाराच्या ट्रकवर क्लीनर म्हणून धाडलं. म्हणाले, "नांगर तं आपला नाई, निदान चाक तरी हातात येऊ दे." चाक हातात आलं आणि पुढे सरकारी नोकरीही आली. वस्तीतला पहिला पगारदार माणूस म्हणजे इंद्रभान.

वस्ती नाल्याच्या काठाला होती. नाला बारा महिने वाहायचा नाही, पण होळीपर्यंत डोहांत पाणी असायचं. बाया तिथे धुणं धुवायच्या, गुरं पाण्यावर यायची, आणि डोहाच्या कडेला इंद्रभानची बायको अंजना वांगी-मिरचीचे दोन वाफे लावायची. बहात्तरच्या दुष्काळातसुद्धा या नाल्याने झरे उकरून का होईना, पाणी दिलं होतं.

दुष्काळ सरला आणि बोरगव्हाणच्या नगरपालिकेने आपला कचऱ्याचा डेपो बाजारामागून हलवला. माश्यांना कंटाळलेले दुकानदार खूश झाले. नवी जागा होती गावाबाहेरच्या माळावर, ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी पडीत जमिनीवर. त्या माळाच्या कुशीतूनच नांदखेड्याचा नाला उगम पावायचा, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. बाजारातली घाण, खाटकांकडची हाडं-कातडी, जिनिंगची झाडण, कपाशीवर फवारायच्या औषधाचे रिकामे डबे, सगळं तिथे पडू लागलं. पहिल्या पावसाळ्यात नाला काळा आला. दुसऱ्या पावसाळ्यात वास मारू लागला. मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. अंजनाची वांगी फुलावर येऊन करपली. वस्तीची विहीर नाल्याला लागूनच होती. तिच्या पाण्यावर पिवळी साय धरायला लागली. वस्तीतल्या केशरबाईच्या तीन शेळ्या एका आठवड्यात गेल्या, तेव्हा तिने नाल्यात उभं राहून बोरगव्हाणच्या दिशेने तोंड करून अशा शिव्या दिल्या, की ऐकणारे शेळ्यांचं दुःख विसरून हसायला लागले.

गावचे सरपंच शेषराव चांगले पन्नास एकरांचे धनी. त्यांची विहीर गावात उंचावर, तिला धक्का नव्हता; पण बैल नाल्यावर पाणी पीत नव्हते. पांढरं धोतर नेसून ते बोरगव्हाणला गेले आणि संध्याकाळी लाल होऊन परत आले. पारावर बसून त्यांनी सांगितलं, "नगरपालिकेचा मुख्याधिकारी म्हन्ते, जागा महसूलची, तहसीलदाराले इचारा. तहसीलदार म्हन्ते, कचरा माहा हाय काय? पाटबंधाऱ्याचा इंजिनियर म्हन्ते, हा नाला आमच्या नकाशातच नाई. मी म्हनलं, साहेब, मंग हे नाकात जाऊन राह्यलं ते काय?"

"मंग काय म्हनले?" इंद्रभानने विचारलं.

"म्हनले, आरोग्य खात्यात जा!"

त्या संध्याकाळी जेवताना अंजना नवऱ्याला म्हणाली, "अवो, सरपंच येका येका साहेबाच्या दाराशी जाऊन राह्यले. येकाच्या दारात दुसरा नसते, म्हनून तं त्याच्यावर ढकलता येते. तुमच्या जीपीत तं समदे साहेब बसतात ना?"

"माह्या जीपीत बसतात, पर माह्या सांगन्यानं बसतात काय?"

"मी कुठं म्हनते सांगा. बसतील तवा पाहा."

योग असा, की तेव्हा पेट्रोल महागलं होतं आणि एका वाटेने जाणाऱ्या साहेबांनी एकाच गाडीतून जावं असा वरून हुकूम निघाला होता. त्या डिसेंबरात अकोल्याहून कलेक्टरसाहेब वाशीमला यायचे होते आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यांना बैठकीला बोलावणं होतं. पंचायत समितीचे बीडीओसाहेब पुढे बसले. मागच्या आडव्या बाकांवर तहसीलदार, मुख्याधिकारी आणि इंजिनियर. तिघांचे गुडघे एकमेकांना लागत होते आणि तोंडं तीन दिशांना होती.

बैठक आटोपून परतताना इंद्रभानने बीडीओसाहेबांना सरळ विचारलं, "साहेब, माह्या गावावरून नेऊ काय? थोडा फेरा पडते, पर घरी चहा घेऊ. आमचा नालाबी दिसंल."

बीडीओ मूळचे कोकणातले, शांत माणूस. ते म्हणाले, "ने. बैठकीतला चहा फारच पांचट होता."

मागून मुख्याधिकारी म्हणाले, "नाला कशाला पाहायचा? जागा आमची नाहीच मुळी."

"पण कचरा तुमचा आहे," तहसीलदार खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

"जागा तुम्हीच दाखवलीत."

"मी नाही. माझ्या आधीच्यांनी."

इंजिनियर वयाने लहान. तो हळूच म्हणाला, "नाला कोणाचा हे आधी ठरायला पाहिजे."

बोलता बोलता नांदखेड्याचा उतार आला. नाल्यातून पलीकडे गेलं की वस्ती. त्या उतारातून इंद्रभानने शेकडो वेळा गाडी काढली होती. पण वरून वाहून आलेल्या घाणीचा थर त्या साली फार चढला होता. वरून कोरडा दिसत होता, आत लोणी होतं. पुढची चाकं गेली, मागची फिरली, आणि जीप पोटापर्यंत बसली.

इंद्रभानचा चेहरा उतरला. आयुष्यात त्याची गाडी फसली नव्हती, आणि फसली तर स्वतःच्या गावात, चार साहेबांसकट! पुढे कित्येक वर्षं लोक म्हणत राहिले की त्याने ती मुद्दाम फसवली. तो शपथेवर नाकारायचा आणि खरंच चिडायचा. "मी ड्रायव्हर हाय, मले माही इज्जत नाई काय?" असं म्हणायचा.

साहेबांना उतरावं लागलं. मुख्याधिकाऱ्यांचा पहिला पाय घोट्यापर्यंत गेला, दुसरा पोटरीपर्यंत, आणि बूट आतच राहिला. त्यांनी तहसीलदारांचा खांदा धरला. तहसीलदारांनी इंजिनियरचा. तिघेही एका रांगेत डुलत उभे राहिले. वस्तीतून माणसं धावली. काठावरून केशरबाई ओरडली, "अवो साहेब, हात नका लावू त्या पान्याले! खाज सुटते, आठ आठ दिवस जात नाई!"

"आणि पाय?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

"पाय तं आता गेलेच!"

पहिले हसले ते बीडीओसाहेब. मग तहसीलदार. मग बूट हरवलेले मुख्याधिकारीही स्वतःच्या पायाकडे पाहून हसू लागले. शेषरावांची बैलजोडी आली, दोर बांधला, आणि सगळ्यांनी मागून रेटा दिला. जीप निघाली तेव्हा तिघांच्या पँटी गुडघ्यापर्यंत सारख्याच काळ्या होत्या.

बायांनी पाय धुवायला घागरी आणल्या. पाणी गावच्या विहिरीवर मागून घेतलेलं, दूरवरून आणलेलं. इंजिनियरने विचारलं, "इथली विहीर तर जवळ दिसते?" अंजनाने त्या विहिरीतून बादली काढून त्याच्यापुढे ठेवली. तो वाकला आणि तसाच मागे सरला.

मग इंद्रभानच्या अंगणात बाजा टाकल्या गेल्या. अंजनाने गुळाचा चहा केला. शेषराव बैल सोडून फाटकाशी उभे होते. या घरी त्यांनी कधी पाणी घेतलं नव्हतं. शेषरावांच्या घरी इंद्रभानला कपबशी निराळी असायची. अंजनाने ट्रे त्यांच्यासमोर धरला. तहसीलदार चहा पीत होते, बीडीओ दुसरा कप मागत होते. शेषराव क्षणभर थांबले, मग बाजेवर टेकले आणि कप उचलला. "गोड हाय," एवढंच म्हणाले. कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सगळे मुद्दामच नाल्याकडे पाहत होते.

तिथेच बोलणं झालं. बीडीओ म्हणाले, "नाला कोणाचा ते नंतर ठरवू. कोण काय करू शकतं ते सांगा." तहसीलदार म्हणाले, खडकाळ टेकाडावर दुसरी ई-क्लास जमीन आहे, तिथलं पाणी कोणत्याच नाल्यात जात नाही, नगरपालिकेने मागितली तर देतो. मुख्याधिकारी म्हणाले, मिळाली तर डेपो हलवतो, जुन्या ढिगावर मुरूम टाकतो. इंजिनियर म्हणाला, मी नाल्याची मोजणी करून गाळ काढायचं काम आखतो. बीडीओंनी ते रोजगार हमीत घ्यायचं कबूल केलं, आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विहीर तपासायला पाठवतो म्हणाले.

असं सगळं जमलं आणि साहेबलोक आपापल्या कचेरीत गेल्यावर सगळं विस्कटलं. मुख्याधिकारी म्हणत, आधी जागा द्या, मग मागणी करतो. तहसीलदार म्हणत, मागणी आल्याशिवाय जागा कशी देऊ?

इथून पुढचं काम इंद्रभानने केलं. रोज कोणी ना कोणी जीपमध्ये असायचंच. एक दिवस तहसीलदार वैतागून म्हणाले, "त्या मुख्याधिकाऱ्याला सांग, डोक्यात भुसा भरलाय. एक अर्ज करता येत नाही?" दुसऱ्या दिवशी इंद्रभान मुख्याधिकाऱ्यांना म्हणाला, "साहेब, काल तहसीलदारसाहेबानं तुमची आठवन काढली. म्हनले, त्याहीचा अर्ज आला की आपन थांबत नाई." मुख्याधिकारी म्हणाले, "तो आगाऊ माणूस मला शिकवतो?" इंद्रभान तहसील कचेरीत जाऊन म्हणाला, "मुख्याधिकारीसाहेब म्हन्तात, तुमच्याकडून शिकन्यासारखं लई हाय." असं करत करत अर्ज गेला, जागा पाहिली गेली, डॉक्टर येऊन विहिरीचं पाणी पिणं बंद करून गेले.

मग भांडं फुटलं. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झाल्यावर तहसीलदार मुख्याधिकाऱ्यांना म्हणाले, "तुम्ही माझी फार तारीफ करता म्हणे."

"मी? मला तर कळलं तुम्हीच माझी करता."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग जीपपाशी उभ्या इंद्रभानकडे. त्याला बोलावलं गेलं. लोकांसमोर तहसीलदारांनी विचारलं, "खोटं का बोललास?"

एका तक्रारीवर नोकरी जाऊ शकली असती. इंद्रभान म्हणाला, "साहेब, खोटं नाई बोललो. तुमचे काई शब्द गाडीतच राह्यले, बाकीचे पोचते केले."

तहसीलदार खो खो हसले. मुख्याधिकारी मात्र हसले नाहीत, तोंड फिरवून निघून गेले. दोन दिवस इंद्रभानला जेवण गेलं नाही. अंजना म्हणाली, "नोकरी गेली तं ट्रक हाय. तुमी काई चोरी केली काय?" तरी तो रात्रभर कूस बदलत राहिला.

तिसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांनी बीडीओंकडे जीप मागितली. नवी जागा पाहायची होती. जाताना ते मागच्या बाकावर बसले. टेकाडावर उतरले, फिरले, परत येऊन पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "तहसीलदार खरं काय म्हणाले होते रे?"

"जाऊ द्या ना साहेब."

"सांग. रागावणार नाही."

"म्हनले... तुमच्या डोक्यात भुसा भरला हाय."

मुख्याधिकाऱ्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता डोळे पुसत ते म्हणाले, "आणि तू सांगितलंस, आठवण काढली! बरं, आता त्यांना जाऊन सांग की..." ते थांबले. "नको. तू काहीच सांगू नकोस. मीच जातो."

जीप बोरगव्हाणात आली. नगरपालिका आणि तहसील यांच्या मध्ये एक रस्ता होता, आणि तो रस्ता ओलांडून मुख्याधिकारी आपल्या पायांनी तहसीलदारांच्या खोलीत गेले. बराच वेळ आतून दोघांचे आवाज चढत होते. मग चपराशी चहा घेऊन आत गेला, तेव्हा इंद्रभानने बाहेर जीपच्या बॉनेटवर हात ठेवून दम सोडला.

उन्हाळ्यात कामं लागली. डेपो टेकाडावर गेला. जुन्या ढिगाभोवती चर खणला, वर मुरूम पडला. नाल्यातला काळा गाळ काढायला रोजगार हमीवर सगळं नांदखेडं उतरलं. केशरबाई बायांच्या टोळीची मुकादम झाली आणि शिव्यांचा साठा तिने त्या कामावर सढळ हाताने खर्च केला. वस्तीची विहीर काही सुधारली नाही. डॉक्टरांनी ती बुजवायला लावली. नवी विहीर इंजिनियरने गाव आणि वस्तीच्या मधोमध आखली. जागा शेषरावांच्या बांधाची निघाली. ते कुरकुरले, "इतक्या मधात काहून?" इंजिनियर म्हणाला, "पाणी तिथेच आहे." शेषरावांनी दोन दिवस विचार केला आणि बांध सोडला. पहिल्या दिवशी बाया दोन्हीकडून आल्या आणि रहाटावर कोणी आधी यायचं यावरून जोरदार भांडण झालं. पण भांडण रहाटाचं होतं, दुसरं कशाचं नाही.

लगेच सगळं चांगलं झालं नाही. काठाला लावलेली करंजाची निम्मी रोपं वाळली. पहिल्या पावसात पाणी गढूळच आलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मात्र तळाचे दगड दिसू लागले आणि शेषरावांचे बैल आपणहून मान खाली घालून प्यायले. तोवर बीडीओ आणि इंजिनियर दोघांचीही बदली झाली होती.

इंद्रभानचं नाव मात्र तालुक्याबाहेर गेलं. एका रविवारी आसेगावकडचे दोघे शेतकरी त्याचं घर विचारत आले. त्यांच्या पुलाचं काम तीन खात्यांत अडकलं होतं.

"आमी तुमचं नाव आयकून आलो, साहेब," त्यातला एक म्हणाला.

"साहेब कोन हाय इथं? मी ड्रायव्हर हाय, बापा! तुमचा तालुका मंगरूळपीर, माही गाडी बोरगव्हाणची. मी काय करनार?"

दोघे हिरमुसले आणि उठायला लागले. इंद्रभानने त्यांना हाताने खाली बसवलं, अंजनाला चहा टाकायला सांगितला, आणि बाज जवळ ओढत म्हणाला, "बसा तं खरं. पहिले मले सांगा, तुमच्याकडची जीप कोन चालवते?"