हात खाली न घेणारा लेनर्ड

लेनर्ड पिल्बीमसारखा सज्जन माणूस अख्ख्या ईस्टबोर्नमध्ये शोधून सापडणार नाही, आणि त्याच्यासारखा गाढवही. जन्मभर बुटांच्या दुकानात लोकांच्या पायांची मापं घेतली. निवृत्त झाल्यावर माणसाने बागेत गुलाब लावावेत, नाहीतर समुद्राकडे बघत गप्प बसावं. हा दर महिन्याला आमच्या लिलावात येऊन बसायला लागला. मी तिथला हमाल. बोली चालू असेल ती वस्तू उचलून लोकांना दाखवायची हे माझं काम, त्यामुळे कोणाचा हात कधी वर जातो ते मला समोरून दिसतं.

लेनर्डचा हात एकाच नावाला वर जायचा: जुन्या काळातली नटी इझोबेल फार्दिंग. तरुणपणी त्याने तिला समुद्रातल्या धक्क्यावरच्या नाटकगृहात पाहिलं होतं आणि आपलं मन तिथेच राहिलं म्हणायचा. तिची सही असलेलं आत्मचरित्र, नाटकाला वाटतात त्या छापील पत्रिका, त्याही सहीच्या, हातमोजे, एकदा तर तुटका पंखा. तेव्हा ती नुसती हौस होती.

मग त्याला कळलं की बाई जिवंत आहेत आणि गावाबाहेर म्हाताऱ्या नटांच्या आश्रमात राहतात. तो फुलं घेऊन निघाला. त्याला गाडी चालवता येत नाही, म्हणून माझी व्हॅन. त्या आश्रमात आमचा निकालाचा कागद टपालाने जातो. कोणती वस्तू कितीला गेली, कोणती तशीच राहिली, हे सगळं सकाळी टोस्ट खाताखाता मोठ्याने वाचलं जातं.

"मागच्या महिन्यात आमच्या इथल्या बर्नार्डची पत्रं कोणी उचलली नाहीत," बाई आम्हाला सांगत होत्या. "आठवडाभर खोलीबाहेर आला नाही हो बिचारा. आणि शेवटी घेतली कोणी? बहिणीने!"

"पण घेतली ना," लेनर्ड म्हणाला.

"बहिणीने घेतलेलं मोजतात होय?" बाई फणकारल्या. "ओळखीच्यांची दया ती. अनोळखी माणसाने खिशात हात घालावा लागतो."

तुमच्या वस्तू मीच घेतो, हे लेनर्डच्या ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं. "मीही लिलावाला जातो अधूनमधून," एवढंच बोलला.

झालं, तेव्हापासून तो अडकला. बाईंची वस्तू आली की याचा हात वर. दलालांना वास लागला की म्हातारा सोडत नाही. साठ पौंडांची पत्रिका ते मजेत दोनशेवर न्यायचे आणि ऐन वेळी गप्प बसायचे. मला त्यांच्या डोक्यात हातातली फुलदाणी घालावीशी वाटायची. एकदा मी लेनर्डला चहाच्या वेळी बाजूला घेतलं.

"एकदा तरी सोड की रे. आभाळ कोसळणार नाही."

"आणि त्या दिवशी टोस्टबरोबर काय वाचतील?"

"वाचू देत!"

"तू तिचा चेहरा पाहिलास ना, फ्रँक," तो म्हणाला आणि परत जागेवर जाऊन बसला.

वस्तू कमी व्हायच्या, तर त्या वाढायलाच लागल्या. एके दिवशी त्याने एक पिवळी पडलेली पत्रिका माझ्या नाकाशी धरली. "वास घे." शाई ताजी होती. कागद जुना, सही नवी, आणि शेवटचा फराटा थरथरलेला. बाई ट्रंकेतल्या पत्रिका काढून आता सह्या करत होत्या आणि भाचीबरोबर लिलावाला पाठवत होत्या. मला हसू फुटलं. त्याला नाही.

"पैशांची ओढाताण असेल बिचारीची," तो म्हणाला, आणि पुढच्या महिन्यात त्याने चार घेतल्या.

इकडे त्याच्या बायकोची, ऑड्रीची, बहीण पाय मोडून पडली. तिला घरी आणायचं होतं, पण मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगावर इझोबेल, कपाटावर इझोबेल, खिडकीतही तीच. ऑड्रीने मला स्वयंपाकघरात गाठलं. लेनर्ड तिथेच बटाटे सोलत होता.

"फ्रँक, याला रविवारी तिकडे घेऊन जा, आणि सगळं खरं सांगितल्याशिवाय परत आणू नकोस. माझ्या बहिणीला काय बाथटबमध्ये झोपवू?"

"सांगतो म्हटलं ना," लेनर्ड बटाट्याकडे बघत म्हणाला. "या रविवारी सांगतोच."

वाटेत मी त्याच्याकडून वाक्य घोकून घेतलं. "मिस फार्दिंग, तो विकत घेणारा मीच, आणि आता मी थांबतोय." व्हॅनमध्ये छान जमत होतं.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. उजव्या मनगटाला पट्टा, बोटं आखडलेली. लेनर्डने घसा खाकरला.

"मिस फार्दिंग, तो विकत घेणारा..."

"हो ना, तोच!" बाईंचा चेहरा एकदम फुलला. "सगळे सोडून देतात, पण तो हात खाली घेत नाही म्हणे. डॉक्टरांनी मला पेन धरायची बंदी केलीय. पैशांचं म्हणाल तर मला आता काय करायचेत ते? भाचीच घेते. कधीकधी वाटतं, पुरे झालं. पण नाटकगृहात एक जरी माणूस बसून असला, तर मध्येच पडदा पाडता येत नाही हो, लेनर्ड. त्या बिचाऱ्याचं दुसरं कोण असणार?"

मी लेनर्डच्या पाठीत बोट खुपसलं. बोल की, गाढवा! मला त्याचा राग येत होता आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम.

"तुम्ही जाता ना तिकडे? पाहिलाय का त्याला? कसा आहे?"

लेनर्डने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "म्हातारा आहे," तो म्हणाला. "पण उठून जाणारा नाही."

"मग थांबा, अजून दोन करते. भाची गावाला गेलीय, या वेळी तुम्हीच पोचवा."

पत्रिका मांडीवरून घसरत होती आणि पेन काही केल्या स्थिर राहत नव्हतं. लेनर्ड खाली वाकला, आणि सही नीट यावी म्हणून त्याने कागद दोन्ही हातांनी दाबून धरला.