जाऊबाईंची ओटी

माझ्या थोरल्या जाऊबाईंची ओटी मी एकदा अशी भरली की त्या जन्मात विसरणार नाहीत. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

माझी मुलगी जन्मली तेव्हा मूठभर होती. सगळ्यांनी तूप-साखर चारून तिला बाळसं आणलं, आणि सातव्याच वर्षी तिच्या काखेत केस दिसले. ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासून समजावलं, की शरीरात इन्सुलिन जास्त बनतंय आणि त्यामुळे वयात यायची घाई झालीय. मधुमेह नाही, पण गोळी मधुमेहाचीच. "खात्री देत नाही, पण पाळी थोडी लांबू शकेल," त्या म्हणाल्या. मला तेवढंही पुष्कळ होतं. पोरीला अजून थोडे दिवस पोर राहू द्यायचं होतं.

गोळी संध्याकाळच्या जेवणाबरोबर द्यायची. माझं ऑफिस माजिवड्याला, घर मानपाड्याला; काम आटोपून परतायला रोज रात्र व्हायची. मुलगी खालच्या मजल्यावर जाऊबाईंकडे जेवायची, म्हणून गोळ्या मी त्यांच्याच हवाली केल्या.

"ताई, गोळी दिलीत ना?"

"अगं, दिली म्हणजे काय. माझी नाही का ती?"

तरी रिपोर्ट सुधारेनात. चोरून गोड खाते का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. त्याच आठवड्यात दप्तरात चॉकलेटचा कागद सापडला. मैत्रिणीच्या वाढदिवसाचं होतं, असं ती रडून सांगत होती. मी तिला बडवलं.

नववं सरायच्या आत तिला शाळेत पाळी आली. फ्रॉकवर दप्तर धरून ती शाळा सुटेपर्यंत बाकावरून उठली नव्हती.

"पाचव्या दिवशी ओटी भरू, आपल्यात पद्धत आहे," जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला आपल्या कपाटातलं मोठं ताट काढायला सांगितलं. ताटामागे बिस्किटांचा डबा होता. त्यात माझ्या मुलीच्या गोळ्या होत्या, पाकिटातून एकेक कापलेल्या, चांदीच्या कागदासकट.

"साखरेची गोळी ती. चार लोकांत कळलं तर उद्या पोरीला कोण करून घेईल?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मी माझी कॅल्शियमची द्यायचे, ताकदीला. पैशाचं औषध, टाकवेना म्हणून ठेवलं."

मी ताट घेतलं आणि डबाही घेतला.

पाचव्या दिवशी पाच सुवासिनी जमल्या. मुलीची ओटी भरून झाली. मग सुवासिनींच्या भरायच्या, आणि पहिला मान थोरल्या जाऊबाईंचा. त्यांनी पदर पुढे केला. मी खण ठेवला, नारळ ठेवला, आणि तांदळाच्या जागी ओंजळी भरभरून गोळ्या ओतल्या. भरली ओटी झटकता येत नाही. त्या तशाच पदर धरून उभ्या राहिल्या. शेजारणींनी विचारलं तेव्हा गोळी कसली, कुणाची, आणि कुणी दिली नाही, ते मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. ज्या चार लोकांची त्यांना भीती होती, ते हेच होते.

पदर सावरत त्या जिना उतरल्या. त्यांची पाठ मी डोळे भरून पाहिली. इतकं गार मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

वळले तर मुलगी पाटावरून उठून मागे उभी होती. तिला नेसवलेली साडी सुटत आली होती.

"आई, त्या गोळ्या परत आण ना," ती म्हणाली. "मी सगळ्या खाते. मग हे थांबेल?"