सरांच्या पुस्तकात माझी दुरुस्ती

२०१७ साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. कॉलेजातून रिटायर झालेले एक सर रोज माझ्या तांब्या-पितळेच्या दुकानात यायचे, घागरीवर टिचकी मारायचे आणि विचारायचे, "आण्णा, हिच्याकडं कुणी बघत नाही तेव्हा ही असते का?"

"आज दुकान उघडं टाकून घरी जातो. सकाळी येऊन बघा, असते का!"

सर इतके हसायचे की चष्मा काढावा लागायचा. तुम्ही म्हणाल, रिकामटेकडा माणूस. अजिबात नाही. जग मनाबाहेर आहे की मनातच, आणि माणूस चांगलं का वागतो, यावर ते बारा वर्षं पुस्तक लिहीत होते. लिहिलेलं मला वाचून दाखवायचे. त्यांना तोंडावर "चूक" म्हणणारा गल्लीत मी एकटाच.

एकदा त्यांनी वाचलं : कारागीर नीट काम करतो, कारण त्याच्या मनात गिऱ्हाइकाचा विचार असतो.

"चूक," मी म्हणालो. त्यांचा हात धरून नव्या घागरीच्या तोंडातून आत घातला, सांधा चाचपायला लावला. "गुळगुळीत आहे ना? इथं गिऱ्हाइकाचा डोळा जन्मात पोचत नाही. मग मी घासला कशाला?"

"कशाला?"

"हाताला बोचत होता म्हणून."

सर तसेच, हात घागरीत ठेवून बसले. घरी जाऊन त्यांनी ते अख्खं प्रकरण फाडलं. तब्येत ढासळलेली. त्यांच्या मिसेस, आम्ही त्यांना बाई म्हणतो, रागावल्या, "अहो, आता तरी पुरं करा!" पण सरांनी पहिल्यापासून लिहायला घेतलं. एवढा शिकलेला माणूस माझ्या शब्दावर चाळीस पानं टाकून देतो, हे मी गल्लीत अजून सांगतो. का सांगू नये?

प्रकरण संपलं आणि पंधरवड्यात सर गेले.

पुढं एका दुपारी बाई कागदांचा गठ्ठा घेऊन दुकानात आल्या. "उद्या छापायला जातंय. तुमच्यावरचं पान ऐका." त्यांनी वाचलं : नाशिकचा एक तांबट आतला सांधा घासतो, कारण ते तो आपलं कर्तव्य मानतो.

"चूक," माझ्या तोंडून गेलंच.

बाईंचे डोळे भरले. "हे असते तर त्यांनी मानलं असतं?"

"आधी भांडले असते. मग मानलं असतं."

गठ्ठा छातीशी धरून बाई निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता मी त्यांच्या घरी गेलो. तेच पान टेबलावर काढून ठेवलेलं होतं. "त्यांचं खोडायचं नाही," बाई म्हणाल्या, "खाली लिहा." माझं शिक्षण तिसरी. एकेक अक्षर जुळवत मी लिहिलं, "सर, कर्तव्य मला त्या वेळी आठवतच नाही. हातात घागर असते." आणि खाली माझी सही ठोकली.