इंग्रजीचा पहिला भाग

माझे वडील सिद्धेश्वर धरणाच्या विश्रामगृहावर चौकीदार होते. चौकीदार म्हणजे सगळंच. साहेब लोक यायच्या आधी गाद्या झटकायच्या, आल्यावर स्वयंपाक करायचा, गरम पाण्याची बादली नेऊन ठेवायची आणि ते गेले की मागं काय विसरलं ते गोळा करायचं. लोक काहीही विसरतात. चष्म्याचं घर, मफलर, दाढीचा ब्रश, एकदा तर दातांची कवळी. यासाठी बाबांचा एक नियम होता, सरकारी नव्हे, स्वतःचा. विसरलेली वस्तू पत्र्याच्या पेटीत ठेवायची, तिला तारखेची चिठ्ठी लावायची आणि वर्षभर वाट बघायची. वर्षात कोणी मागायला आलं नाही तरच ती वापरायला काढायची. कवळीचंही वर्ष त्यांनी पुरं होऊ दिलं. पुढं तिचं काय करायचं हे मात्र त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

त्याच पेटीतून मला ते पुस्तक मिळालं. धरणाच्या दरवाजांची यंत्रं बघायला काही माणसं आली होती, त्यांच्यात एक गोरा होता. ते गेल्यावर त्याच्या खाटेखाली हे पुस्तक सापडलं, पुठ्ठा निघालेलं, पहिली दोन-चार पानं गायब. बाबांना मराठी अक्षरं जोडून वाचता येत, इंग्रजी अजिबात नाही. पण त्यांचा हिशोब सरळ होता. माणूस गोरा म्हणजे इंग्रज, आणि इंग्रजाचं पुस्तक म्हणजे इंग्रजी. मी तेव्हा पाचवीत होते. आमच्या शाळेत इंग्रजी म्हणजे एबीसीडी आणि कॅट, रॅट. त्यापुढं जायला गुरुजी स्वतःच घाबरायचे.

पुस्तक पोरीला द्यायचं हे बाबांनी लगेच ठरवलं, पण द्यायचं वर्षानंतर. मी रडले, दोन दिवस रुसले. राग तेव्हाही माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. बाबा हलले नाहीत.

"गोरा वापस आला तं त्याला काय सांगू?" ते म्हणाले.

"इतक्या लांबून त्यो कशाला येतोय एका पुस्तकासाठी?" माय म्हणाली.

"त्याचं पुस्तक हाय. यील न्हाई तं न्हाई यील."

वर्ष पुरं झालं त्या सकाळी त्यांनी पेटी उघडली, पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि अंघोळ करून ये म्हणाले. मी ओल्या केसांनी ते हातात घेतलं.

प्रत्येक पानावर चौकटी होत्या. चौकटीत ठळक काळ्या अक्षरांत सहा-सहा शब्द आणि चौकटीबाहेर बारीक अक्षरांत कसलातरी मजकूर. शाळेचा माझा अनुभव असा की महत्त्वाचं असतं ते चौकटीत असतं आणि बारीक अक्षरांतलं परीक्षेला येत नाही. म्हणून बारीक मजकुराकडं मी ढुंकूनही पाहिलं नाही. एबीसीडीच्या जोरावर चौकटी वाचत सुटले. हाब्लो, हाब्लास, हाब्ला, हाब्लामोस, हाब्लाइस, हाब्लान. काही अक्षरांच्या डोक्यावर तिरकी रेघ होती. इंग्रजीलाही आपल्यासारखी मात्रा असते हे बघून मला बरं वाटलं.

मी अगदीच पोपटपंची करत नव्हते, हे आज स्वतःच्या वतीनं सांगते. मी जाते, तू जातेस, तो जातो, आम्ही, तुम्ही, ते, अशी सहा घरं आमच्या व्याकरणाच्या पुस्तकातही होती. तेव्हा हे एक क्रियापद आहे आणि चौकट बदलली की काळ बदलतो, एवढं मी माझ्या मनानं ताडलं. दुसऱ्या चौकटीत हाब्लाबा, हाब्लाबास होतं. आणखी एकीत हाब्लारे, हाब्लारास. बुंधा तोच राहायचा, शेंडा बदलायचा. क्रियापदाचा अर्थ काय हे मात्र माहीत नव्हतं. पुढं मोठ्या शाळेत सांगतील, असं मी धरून चालले.

"हाब्ला हाब्ला करून राहिली सकाळधरनं," माय म्हणायची. "तिकडं चूल इझली." पण तीही शेजारणींना बोलावून मला म्हणायला लावायची. रविवारी विहारात वंदना झाली की बाबा मला पुढं उभं करत. पालीतली वंदना तरी किती जणांना शब्दशः कळायची, पण सगळे मन लावून म्हणायचे आणि ऐकायचे. तसंच माझी इंग्रजीही लोक हात जोडून ऐकत. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी मी वर्षभर आमच्या वस्तीत शहाणी होते.

सातवी संपत आली तेव्हा हे सगळं अंगाशी आलं. गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर हिंगोलीला वसतिगृहात राहावं लागणार होतं आणि तिथं जागा थोड्या होत्या. कोणा मोठ्या माणसाचं शिफारसपत्र असेल तर बरं, असं बाबांना कोणीतरी सांगितलं. नाहीतर माझं शिक्षण तिथंच थांबलं असतं आणि मी मायबरोबर धरणाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेरात भाजी लावायला गेले असते. तेही काम वाईट नव्हतं, पण मला ते नको होतं.

त्याच आठवड्यात एक मोठे इंजिनियर मुक्कामाला आले. बाबांनी त्यांना सकाळचा चहा दिला आणि विचारलं, "साहेब, माझी पोरगी इंग्रजी बोलती. पाच मिनटं ऐकता का?"

साहेबांनी बोलवा म्हटलं. मी व्हरांड्यात उभी राहिले, पुस्तक छातीशी धरून. बाबा खांबाजवळ उभे होते, इस्त्रीचा खाकी शर्ट घालून. मी सुरू केलं. पहिली चौकट, दुसरी, तिसरी. साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांच्या कपाळावर एक आठी आली, मग गेली. मला वाटलं, माझ्या वेगानं ते थक्क झाले. मी हाब्लारिया, हाब्लारियासपर्यंत पोचले आणि थांबले, कारण पुढच्या चौकटी अजून कच्च्या होत्या.

"पुस्तक बघू," ते म्हणाले. त्यांनी पानं उलटली आणि नेमकी ती बारीक अक्षरं वाचली. बराच वेळ वाचली. मग बाबांना म्हणाले, "आणखी एक कप चहा मिळेल का?"

बाबा आत गेले. साहेबांनी मला जवळ बोलावलं. "बाळ, ही इंग्रजी नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "ही स्पॅनिश आहे, स्पेन नावाच्या देशाची भाषा. इंग्रजी या पुस्तकात आहे, पण ती चौकटीच्या बाहेर, बारीक अक्षरांत."

मला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा कान तापले. वर्षभर सगळ्या वस्तीनं हात जोडून ऐकलेलं ते सगळं खोटं होतं. मी साहेबांकडं असं बघितलं असणार की जणू चूक त्यांनीच केली होती.

ते हसले नाहीत. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना जन्मभर विसरणार नाही. त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं. "या क्रियापदाचा अर्थ बोलणे. ही तुझी पहिली चौकट, मी बोलतो. ही, मी बोलत असे. ही, मी बोलेन. आणि तू जिथं थांबलीस ती, मी बोललो असतो. अर्थ माहीत नसताना तू एवढं पाठ केलंस, आणि एकही रूप चुकलं नाही." मग त्यांनी किचनकडं बघितलं. "वडिलांना सांगायचं का, ते तू ठरव. मी सांगणार नाही."

बाबा चहा घेऊन आले. कप ठेवून ते साहेबांच्या तोंडाकडं बघू लागले. साहेब म्हणाले, "पहिला भाग चोख झाला आहे हिचा. दुसरा भाग मी पाठवतो."

पत्र त्यांनी तिथंच लिहिलं, मराठीत. बाबांनी ते अक्षर जोडून जोडून आम्हाला इतक्यांदा वाचून दाखवलं की मला ते अजून पाठ आहे. मुलगी जिद्दी आहे, पाठांतर उत्तम आहे, इंग्रजी उत्तम शिकू शकेल, हिला जागा द्यावी. इंग्रजी येते असं त्यात कुठंही नव्हतं. साहेब खोटं बोलले नाहीत आणि बाबांची मानही खाली गेली नाही. असं पत्र लिहायला किती विचार करावा लागतो, हे पुढं मुलांचे दाखले लिहायची वेळ आली तेव्हा मला कळलं.

त्या दिवशी मात्र मला कोणाचंच कौतुक नव्हतं. मी कालव्याच्या भिंतीवर जाऊन बसले आणि गोऱ्याला, साहेबाला, बाबांना, सगळ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. दोन दिवस बाबांशी बोलले नाही. पोरगी घर सोडून जायच्या विचारानं गप्प झाली, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी माझ्यासाठी धरणावरच्या कोळ्याकडून मोठा मासा आणला. मासा खाताना सांगावं असं मी ठरवलं होतं. पण ते एकेका तुकड्यातले काटे काढून तो माझ्या ताटात ठेवत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणून मी जेवले.

महिन्याभरात पार्सल आलं. आत इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक होतं, त्यालाही खाकी कव्हर, आणि वर साहेबांच्या अक्षरात लिहिलेलं, भाग दुसरा. जागा मिळाली. हिंगोलीला गेल्यावर मी ते उघडलं आणि मला हसूच आलं. इंग्रजीच्या चौकटीत सहा घरांत मिळून पाच वेळा एकच शब्द, आणि एका घरात तेवढा शेवटी एस लावलेला. ज्या पोरीनं हाब्लाबामोस पाठ केलं तिला हे म्हणजे पोरखेळ होता. इतर मुली काळांना आणि आज्ञार्थ-संकेतार्थांना भ्यायच्या. मला ती जुनी ओळखीची घरं वाटायची. कुठल्याही क्रियापदाला भूत असतं, भविष्य असतं, आज्ञा असते, आणि ‘बोललो असतो’ची एक जागा असते, हे मला आधीच ठाऊक होतं. मी इंग्रजीत कधी मागं पडले नाही. याचं श्रेय चुकीच्या पुस्तकाला द्यायला आता मला अजिबात लाज वाटत नाही.

दहावी झाली, अध्यापनाची पदविका झाली, आणि दोन-तीन वर्षं वाट बघितल्यावर मला आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला नोकरी लागली. पाचवीचं इंग्रजी माझ्याकडं आलं. पहिल्याच महिन्यात बाबा जीपनं मला बघायला आले, तोच इस्त्रीचा खाकी शर्ट घालून. हेडमास्तरांनी त्यांना व्हरांड्यात खुर्ची दिली. ते खिडकीजवळ बसून माझा पूर्ण तास ऐकत होते. मी फळ्यावर चौकट काढली. आय स्पीक, यू स्पीक, ही स्पीक्स. मुलांनी सुरात म्हटलं.

तास संपल्यावर आम्ही जीपच्या अड्ड्याकडं चालत निघालो.

"चांगलं शिकवतीस," बाबा म्हणाले. मग थोडं पुढं गेल्यावर, "पण पहिला भाग काहून न्हाई शिकवला?"

आठ वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. आता मी लहान नव्हते, मास्तरीण होते, आणि चुका दुरुस्त करण्याचाच तर मला सरकार पगार देत होतं. मी सांगणारच होते. पण ते माझ्याकडं ज्या काळजीनं बघत होते ती स्वतःसाठी नव्हती. आपल्या पोरीच्या शिकवण्यात काही उणं राहिलं की काय, एवढीच भीती त्या चेहऱ्यावर होती.

"बाबा, त्यो भाग लई अवघड हाय," मी म्हणाले. "ह्या लेकरांना न्हाई जमायचा."

त्यांचा चेहरा खुलला. "व्हय, मलाबी तसंच वाटलं." ते जीपच्या मागच्या बाकावर चढून बसले आणि तिथून मला म्हणाले, "मला येतो पण. ऐकून ऐकून आलाय. हाब्लो, हाब्लास, हाब्ला..." चौथ्या घराला ते अडले. जीपमधली माणसं ऐकत होती.

"हाब्लामोस," मी खालून म्हणाले.

"हाब्लामोस," ते म्हणाले. उरलेली दोन घरं आम्ही मिळून म्हटली.

शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, हे काय हाय. "इंग्रजीचा पहिला भाग," बाबा त्याला सांगू लागले. "आता न्हाई शिकवत. अवघड हाय. माझ्या पोरीच्या टायमाला व्हता." म्हाताऱ्यानं आदरानं मान हलवली. जीप सुटली. ती सेनगावच्या रस्त्याला वळेपर्यंत मी तिथंच उभी राहिले, आणि त्या विसरभोळ्या गोऱ्याचे मनापासून आभार मानले, की त्या वर्षभरात तो पुस्तक मागायला परत आला नाही.