कुंडीतला वड

वटपौर्णिमेला शेजारच्या सुनंदाताईंनी बाजारातून वडाची फांदी आणली आणि बाल्कनीतल्या कुंडीत खोचली. "कोपऱ्यावरचा वड रस्त्याच्या कामात गेला. आता हाच आमचा वड," त्या म्हणाल्या.

ग्रिलच्या आत उभी ती फांदी पाहून मला अशेरा आठवली. ही कनान देशातली प्राचीन देवी. हिरवं झाड किंवा वेदीशेजारी रोवलेला लाकडी खांब ही तिची खूण. हिब्रू धर्मग्रंथात ती भेटते, पण तिचे खांब तोडा, जाळा, अशा हुकमांतून. एका ओळीत तिच्यासाठी वस्त्रं विणणाऱ्या बायका दिसतात, तेही त्यांच्या खोल्या पाडल्या हे सांगताना. त्या तिच्याकडे काय मागत, ते कुणी लिहून ठेवलं नाही. जिला पुसायचं होतं, ती पुसणाऱ्यांच्याच वाक्यांत अडकून पडली आहे.

तिला निदान तिचा राग करणाऱ्यांनी तोडलं. आपण पूजेसाठीच तोडतो.

सुनंदाताईंनी फांदीला सुताचा वेढा दिला आणि प्रदक्षिणेला उठल्या. पण एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला वॉशिंग मशीन.

"काय मागणार?" मी विचारलं.

"मागायचं काय त्यात? दरवर्षीचंच."

मग डोळे मिटून त्या जागच्या जागी, स्वतःभोवतीच फिरू लागल्या. सुताची गुंडी हातातच होती. प्रत्येक फेरीला सूत त्यांच्याच कमरेभोवती गुंडाळलं जात होतं.