अंबडची टाइट हवा

आमच्या अंबडात सायकलची हवा अंगठ्यानं तपासतात. टायर दाबायचा, अंगठा आत गेला नाही की मान डोलवायची आणि म्हणायचं, बराबर. दुधाचे कॅन, सरकीची पोती, मागं बसलेली बायको हे सगळं सायकलीवरून नेलेलं गाव आहे हे. त्यामुळं मऊ टायर म्हणजे आळशी माणूस, असा आमचा पक्का समज. मीही याच गावची.

माझ्या नवऱ्याचं बियाण्यांचं दुकान आहे, पण जीव सगळा सायकलीत. खाली वळलेल्या हँडलची, पातळ चाकांची रोड बाईक त्यानं हौसेनं घेतली. दर रविवारी सकाळी तिच्यावरून तो अंकुशनगरला जायचा, थोरल्या बहिणीकडं. आक्काच्या हातची पिठलं-भाकरी खायची आणि ऊन चढायच्या आत परत यायचं. पुढं त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, फक्त हादरे टाळा म्हणाले. आमच्याकडच्या रस्त्यांवर हादरे टाळा म्हणजे नदीत उतरा पण भिजू नका.

पहिल्याच दिवशी तो वेशीपर्यंत जाऊन परत आला, फरशीवर आडवा झाला आणि म्हणाला, संपलं. त्या दिवसापासून माणूस गप्प झाला. दुकानात गिऱ्हाइकांची टिंगल करणं बंद, माझ्याशी भांडणंसुद्धा बंद. ऑपरेशनची वाटली नव्हती एवढी भीती मला त्या गप्प बसण्याची वाटली.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. कागद वाचल्याशिवाय केस सोडायची मला सवय नाही, आणि राग आला की मी जास्तच वाचते. पाठ बदलता येत नाही, टायर तर बदलता येतात ना? तेव्हा मी टायरांच्या मागं लागले. त्याच्या सायकलीला पंचवीस मिलिमीटरचे टायर होते, बोटाएवढे. जाड टायर हादरे गिळतो म्हणून मला बत्तीसचे हवे होते, पण ते जालन्याच्या दुकानात लावून पाहिले तर ब्रेकला घासायला लागले. त्या सांगाड्यात अठ्ठावीसच्या वर काही बसतच नव्हतं. मग अठ्ठावीसमध्ये तरी कोणते? शर्यतीचे टायर हातात घेतले तर पापडाएवढे पातळ. पळायला झकास, पण आमच्या बांधाबांधाला सराटे पडलेले, त्यांच्यापुढं ते किती टिकणार? दुसरे होते काट्यांना दाद न देणारे, पण इतके जड की नवरा म्हणाला, याच्यापेक्षा टायरगाडीला बैल जुंपून जातो. तो बऱ्याच दिवसांनी काहीतरी खोचक बोलला, म्हणून मला बरंच वाटलं. पण दुकानदारासमोर आमचं भांडण झालंच. त्याला वेग सोडायचा नव्हता, मला पंक्चर नको होतं आणि दोघांनाही पाठ सांभाळायची होती. शेवटी तडजोड झाली. वजनाला बेताचे, रबराखाली काटा अडवणारा पट्टा असलेले अठ्ठावीसचे टायर घेतले.

अंबडच्या बसस्टँडजवळच्या चाचांनी ते बसवले. चाचा नवऱ्याच्या शाळेच्या दिवसांपासून त्याच्या सायकली बघतात. टायरच्या कडेवर जास्तीत जास्त किती हवा चालते तो आकडा होता, तो मी वाचून दाखवला. चाचांनी तेवढी भरली, वर मायेनं आणखी दोन पंप मारले. अंगठा दाबून बघितला. मीही दाबला. दगड होता नुसता. आम्ही सगळे खूश.

आणि पाठ तशीच दुखली. बाजारापर्यंत गेला तरी दुखायची. नवा टायर, नवा खर्च, आणि माणूस परत फरशीवर. मग एक दिवस त्यानं शांतपणे सांगून टाकलं की येत्या रविवारी शेवटचं सायकलीवरून आक्काकडं जायचं, सायकल तिथंच भाच्याला देऊन यायची आणि माझ्या स्कूटीवर मागं बसून परतायचं. मी पुष्कळ वाद घातला. तो वाद घालेना, हेच वाईट होतं.

रविवारी तो पुढं आणि मी मागं स्कूटीवर. उसाचा हंगाम होता. ट्रॉल्यांनी रस्ता उखडून ठेवलेला, त्यात पाचट आणि चेंगरलेला ऊस. प्रत्येक खड्ड्याला त्याचे खांदे आखडताना मला मागून दिसत होते. तीनदा उतरला. मी पाणी पुढं केलं की घ्यायचा आणि माझ्याकडं न बघता परत बसायचा. कारखान्याच्या मळीचा वास आला तेव्हा मला हायसं वाटलं आणि लगेच रडूही आलं, कारण पोचणं म्हणजेच संपणं होतं. आक्काच्या घराकडं शेताच्या कडेनं पाऊलवाट जाते. तिथून त्यानं शेवटचं थोडं अंतर सायकल चालवली आणि ती अंगणातल्या लिंबाला टेकवून ठेवली.

जेवणं झाली. भाचा कारखान्यात पाळीवर गेलेला. नवऱ्यानं आक्काला सांगितलं की सायकल इथंच राहू दे, पोरगा आला की त्याला दे. आक्का भांडी आवरत होती. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"आज आमुशा हाय," ती म्हणाली. "आमुशाला चाकाची वस्तू दारात उतरून घेत नसतेत. जशी आणली तशी घेऊन जाय. मंग बघू."

नवरा म्हणाला, आक्का, पाठ फार दुखून राह्यली. ती म्हणाली, दुखू दे, आमुशाला न्हाई म्हंजे न्हाई. मी एरवी असल्या रीतींवर कोर्टात बोलते तशी बोलते, आक्काशी कितीदा तरी वाजलंय माझं. त्या दिवशी मी चूप राहिले. तो चिडून सायकलीवर बसला. एवढं चिडणंही पुष्कळ दिवसांनी.

निघाल्यावर थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी मागं पडतेय. ट्रॉली पुढं होती म्हणून असेल, असं वाटलं. ट्रॉली गेली तरी तो पुढंच. खांदे खाली आलेले, आणि मघाचा सगळ्यात वाईट पट्टा आला तरी उतरला नाही. एका चहाच्या टपरीपाशी मी गाठलं तर हे महाशय टपरीवाल्याच्या चहाला नावं ठेवत होते. मी विचारलं, पाठ? तो म्हणाला, आहे तिथंच आहे, पण बोलत नाही. आक्कानं भाकरीत काहीतरी घातलं असणार, असं त्याचं म्हणणं. मी हेल्मेटची काच खाली ओढली आणि आत रडून घेतलं.

घरी पोचल्यावर सवयीनं मी मागचा टायर दाबला. अंगठा चांगला आत गेला.

चाक फिरवून पाहिलं तर रबरात एक सराटा रुतून बसलेला. पाऊलवाटेवर घुसला असणार. पट्ट्यानं त्याला अडवलं होतं, पण टोक जेमतेम आतल्या ट्यूबपर्यंत पोचलं होतं आणि आम्ही भाकरी खात असताना हवा हळूहळू निसटली होती. येताना तो मऊ टायरवर आला होता. आम्ही दोघं अंगणात उकिडवे बसून त्या काट्याकडं बघत राहिलो. मग मी पहिल्यांदा त्या आकड्याबद्दल नीट वाचलं. तो टायर सहन करू शकेल एवढ्या हवेचा होता, भरायलाच हवी एवढ्या हवेचा नव्हता. त्याच्या वजनाच्या माणसाला कितीतरी कमी पुरते, आणि खराब रस्त्यावर कमी हवेनं वेगही जात नाही. उलट चाक उड्या मारत नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी काटा काढून पंक्चर जोडलं आणि नेहमीसारखी हवा ठोकायला लागले. नवऱ्यानं त्यांचा हात धरून मध्येच थांबवलं, दोन्ही चाकं मऊच ठेवा म्हणाला. चाचांनी अंगठा दाबून बघितला आणि त्यांचा चेहरा पडला.

"भैया, ऐसी हवा देऊन कसं पाठवू तुमाला?" ते म्हणाले. "लोक म्हनतीन, चाचाचा पंप गेला."

नवऱ्यानं त्यांना सांगितलं, लोकांना म्हणा, गिऱ्हाइकाचं डोकं गेलंय. चाचा हसले, पण नजर चुकवून त्यांनी एक पंप मारलाच. तो आम्ही घरी येऊन काढला.

पुढच्या रविवारी मी उठले तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. चहा करून तो गेला होता, माझा कप झाकून ठेवून. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. आमुशा सरली, आईनं आता सायकल घ्यायला परवानगी दिली, कधी येऊ न्यायला, म्हणून विचारत होता.

मी म्हटलं, "तू नको येऊ बाळा. सायकल निघालीय तुझ्याकडं. पण तिच्यावर तुझा मामा बसलाय, आणि तो काही उतरायचा न्हाई."