शिंगवाली गिटार

नातीनं परवा फोनवर एक लाल गिटार दाखवली. दोन शिंगं, पोटावर पांढरा पत्रा, तीन बटणं. म्हणाली, “आजी, हे मॉडेल कंपनीनं मधे बंद केलं होतं. लोक जुन्या गिटारी शोधत फिरायला लागले, म्हणून पुन्हा काढलंय.”

मला काय दाखवते! साठच्या दशकात अकोल्यात हीच माझ्या मांडीवर होती. रेल्वेतल्या मामानं कलकत्त्याहून वापरलेली आणली होती. आई म्हणाली, “पोळा तं झाला, आता शिंगं काहून रंगवून आणली?”

रेडिओच्या मागं ग्रामोफोन जोडायची जागा असायची. तिथं गिटारची वायर खुपसली, की बातम्या बंद आणि मी चालू. येत होत्या दोनच धुना, पण स्वतःला थोर कलावंत समजून पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर फिरायची.

अमरावतीच्या एका ऑर्केस्ट्राला गिटार वाजवणारं कोणी हवं होतं. तिथले मास्तर मला ऐकायला येणार, असं ठरलं. बाबांनी आधीच बजावलं, “त्यानं नाई म्हटलं, तं हे मामाच्या हाती वापस. मंग रडून दाखवू नको मले.”

मास्तर आले ते भर कापसाच्या हंगामात. शेजारचा सरकी काढायचा जिन धडधडत असला की आमच्या गल्लीतली वीज आजारी पडायची. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण कलावंताला आठवलं नाही. रेडिओचा हिरवा डोळा मिणमिणला, गिटार माशीसारखी गुणगुणली. मी गिटारवरचं आवाजाचं बटण पिळत पिळत पार शेवटाला नेलं.

मास्तर कान पुढं करून वाकले. “बाई, वाजवून राहिल्या का पुसून राहिल्या?”

तेवढ्यात जिनाचा जेवणाचा भोंगा झाला. मशिनी थांबल्या, वीज धावत आली, आणि गिटार अशी किंचाळली की मास्तरांचा चहा त्यांच्या पांढऱ्या पँटवर! आतून आई ओरडली, “अवं, मेलं का कोणी?”

बटण मागं फिरवायचं मला सुचलंच नाही. धून मात्र तश्शीच रेटून संपवली. मास्तर पँट झटकत बाबांना म्हणाले, “हात चांगला हाय पोरीचा. नेतो. पण बटनाले हात मी लावीन.”

आणि खरंच, शेवटपर्यंत त्यांनी मला बटण शिवू दिलं नाही. पुढं त्या मॉडेलचं सामान मिळेनासं झालं, गिटार मुकी झाली. भोंग्यानंतरचा तो आवाज काही पुन्हा निघाला नाही.

नातीनं विचारलं, “आवडली का? मागवू?”

“मागव,” म्हटलं, “पण बटण माझ्या हातात देजो. आणि चहा आधी पिऊन घे.”